खाप्याच्या तुरीचा जंतू

जुनी शुक्रवारी, नागपूर
मंगळवार, २३ सप्टेंबर १९८६

चि. प्रेमास आजीचा आशीर्वाद.

तर सगळ्यात आधी आली ते सुभद्रा. दरसाल भुलाबाईचे गाणे संपाले आले अन् खिरापतीच्या डब्याचं झाकण वाजलं की येणारी बाई, यंदा पोरी जमाच्या आधीच वट्ट्यावर येऊन बसली. म्या म्हणलं, काय वं सुभद्रे, आज घरचं घड्याळ पुढं धावून राहिलं का? तं म्हणते, "मनकर्णाबाई, बातमीच तशी आहे." मंग वच्छला आली, मंग तिची जाऊ, मंग पोरी. पण तिले दम कुठचा. तिनं मलेच धरलं.

बातमी अशी का तिच्या केशवचं, म्हणजे तुह्या सायबाचं, काम विलायतेच्या मासिकात छापून येणार. आपल्या खाप्याच्या तुरीचा जंतू. माहा भाऊ रुपराव, त्याच्या वावरातली तुरीची झाडं तू मुळासकट उपटून ओल्या फडक्यात गुंडाळून बंगलोरले नेली होती ना, त्याच मुळाच्या गाठीतला. हवेतून खत ओढते अन् झाडाले देते म्हणून तू सांगतलं होतं. ते म्या साऱ्या गल्लीले पाठ करून ठेवलं आहे. सुभद्रा अशी बोलून राहिली होती जसा तो जंतू तिच्या पोटचा आहे. म्या म्हणलं, बाई, जंतू खाप्याचा, वावर माह्या माहेरचं, वाचणारी माही नात. तुह्या केशवचं त्यात काय? तं म्हणते, "तो साहेब आहे." वच्छला इतकी हासली का तिच्या तोंडातली सुपारी पडली.

पण खरं सांगू, मले लई आनंद झाला. मी दुसरी शिकलेली बाई. चार अक्षरं मले येतात म्हणून सासरी कौतुक होतं, अन् तू म्हणते जंतूलेही चारच अक्षरं. मंग आमचं दोघाइचं जमलं असतं. रुपरावचा पाय आता बरा आहे. बैलानं तुडवला होता तो नाही, दुसरा. लिंबाचं लोणचं यंदा कडू झालं, तरी पाठवून राहिली, भातासंगं खा.

आता सांग, विलायतेच्या मासिकात तुहं नाव कुठं येणार? सुभद्रा म्हणे खाली बारीक अक्षरात. म्या म्हणलं, पाहू.

तुही आजी


बंगलोर
३० सप्टेंबर १९८६

ती. आजीस शिरसाष्टांग नमस्कार.

माझं नाव बारीक अक्षरात नाही. सरांच्या नावाखाली, त्याच आकारात आहे. आणि ते तिथं नसावं असं मला वाटतं. का ते लिहिते, राग आवरून लिहिते.

जंतू कोणालाच सलग वाचता येत नाही. अक्षरं चारच, पण तीच उलटसुलट साठ-सत्तर लाख वेळा येत असावीत. जगात अजून कोणी एकही जंतू पुरता वाचलेला नाही. आम्ही आपल्या जंतूचा एक कोपरा वाचतो, खत ओढायचं काम जिथं लिहिलेलं आहे तेवढाच, आणि तोही तुकडे करून. दोन काचांमधल्या जेलीतून ते तुकडे पळवायचे, वर एक्सरेसारखी फिल्म ठेवायची. फिल्मवर काळ्या रेघांच्या चार रांगा उमटतात. मी खालून वर एकेक अक्षर म्हणत जाते, दुसरा लिहितो. असे शेकडो तुकडे झाले की एकाचं शेपूट दुसऱ्याच्या तोंडाशी जिथं सारखं निघेल तिथं ते जोडायचे. तुम्ही बायका विसरलेलं गाणं जुळवता तसंच. एकीला सुरुवात आठवते, एकीला मधलं, आणि दोघींना येणाऱ्या ओळीवर सांधा बसतो.

आता बिलवराचं गाणं आठव. सून हातातलं हरवलेलं बिलवर शोधत सासूकडे जाते, जावेकडे जाते, नणंदेकडे जाते. नणंद पदराखाली हात लपवते. प्रत्येक कडवं एकाच ओळीवर संपतं, "इथं नाही गवसलं, बाई पुढं चला." आणि शेवटी सून रिकाम्या हातानं माहेरी जाते. आता कोणी जावेच्या कडव्याची ती ओळ म्हणून थेट माहेरच्या कडव्यावर उडी मारली तर? ओळ जुळते, चाल जुळते, गाणं पूर्ण वाटतं. फक्त चोर गाण्यातून निघून गेलेला असतो. आपल्या जंतूत अशा परत परत येणाऱ्या ओळी आहेत.

यंदा आमच्याकडे कॉम्प्युटर आला. आम्ही महिनोन्‌महिने कागद पसरून तुकडे जुळवायचो, ते तो जेवणाच्या सुट्टीत जुळवतो. मला त्याचा आनंदच आहे. पण त्यानं एका ठिकाणी नेमकी ती उडी मारली आहे. मी सरांना दाखवलं. जंतूचा तो भाग कापून मोजला तर जेवढा लांब भरतो, त्याहून कागदावरची अक्षरं कमी पडतात. नऊवार मागितलं आणि हातात आठ वार आलं तर तू दुकानदाराला काय म्हणशील? सर म्हणाले, "लांबी मोजण्यात चूक होते. मशीनला कंटाळा येत नाही आणि त्याला भावना नसतात." मी म्हटलं, सर, मशीनला गाणंही येत नाही. ते म्हणाले, "कसलं गाणं?"

जर्मनीतले लोकही हाच भाग वाचत आहेत, म्हणून सरांना आमचा लेख दिवाळी झाल्याबरोबर मासिकाला पाठवायची घाई आहे. मला सांगितलं, सही कर, नाहीतर प्रबंधाचं विसर. सही केली तर चुकीच्या वाचनावर माझं नाव राहील, नाही केली तर चार वर्षं पाण्यात. मी सही करणार नाही असं आज तरी म्हणते आहे.

हे कोणाला सांगू नकोस. सुभद्रामावशीला तर नाहीच.

तुझी प्रेमा


नागपूर
मंगळवार, ७ ऑक्टोबर १९८६

चि. प्रेमास आशीर्वाद.

पत्र काल भेटलं. तू लिहिलं कोणाले सांगू नको. म्या वच्छलालेही नाही सांगतलं, अन् तिच्यापासून काही लपवलं तं माह्या पोटात दुखते हे तुले ठाऊक आहे. सरळ सुभद्राच्या घरी गेली. शेजारच्या पोट्ट्यानं आपल्या पोरीले रडवलं तं आपण त्याच्या मायजवळ जातो, कलेक्टरकडे थोडी जातो.

ती गहू निवडत बसली होती. म्या म्हणलं, सुभद्रे, बिलवराचं गाणं म्हण बरं.

"आता? भर दुपारी?"

हाव, आताच.

तिचा आवाज चांगला आहे, ते कबूल केलं पाहिजे. सासूची पेटी झाली, जावेचा डबा झाला, "इथं नाही गवसलं, बाई पुढं चला," अन् तिथंच म्या तोंड घातलं अन् माहेरचं कडवं धरलं. तीही माह्यामागं वाहत आली, गाणं संपवलं, अन् गव्हाकडे पाहाले लागली. म्या म्हणलं, बिलवर कोणी चोरलं वं? म्हणे, "नणंदेनं, अजून कोणी." म्हणलं, कुठं आहे नणंद? तिच्या दारी तं आपण गेलोच नाही. तिनं सूप खाली ठेवलं. म्हणलं, तुह्या केशवनं अन् त्याच्या मशीननं हेच केलं, अन् माह्या पोरीले म्हणते यावर सही कर.

मंग भडकली. "माहा पोरगा खोटारडा का?" म्या म्हणलं, खोटारडा नाही, घाईचा आहे. सक्रांतीले पतंगाचा मांजा गुंतला की मधला गुंता कापून फेके, दोन टोकाइले गाठ मारे, अन् म्हणे झाला सरळ. मंग पतंग गच्चीवरच फिरे. ती म्हणे, "तुमच्या नातीले लग्नाचं पाहा, सायबाच्या चुका काढाले कायले पाठवलं तिले?" म्या म्हणलं, लग्नाचं तू नको पाहू, तू पोराले पत्र लिही. सांग त्याले, नणंद कुठं गेली ते पाह्य म्हणा आधी. चहा ठेवला होता तिनं, म्या घेतला नाही. साखर जास्त घालते तसंही.

मले इतकं बरं वाटून राहिलं का काय सांगू. कित्येक दिवसात असं मनासारखं भांडण झालं नव्हतं. तू काळजी करू नको.

आजी


बंगलोर
१४ ऑक्टोबर १९८६

आजी,

तू काय केलंस ते तुला कळलेलं नाही म्हणून लिहिते.

सुभद्रामावशीनं सरांना खरंच पत्र लिहिलं. गाणं सगळं लिहून पाठवलं, कडव्यांसकट. मांजाची गोष्टही लिहिली. सरांनी ते पत्र दुपारच्या चहाला सगळ्यांसमोर वाचलं. गाण्याला चाल लावून वाचलं. म्हणाले, "आपल्या संस्थेला नागपूरहून नव्या परीक्षक मिळाल्या आहेत." सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं. मला सगळ्यात जास्त राग त्याचा येतो.

मग खोलीत बोलावून म्हणाले, "घरच्यांना मध्ये घालून विज्ञान होत नसतं." त्या एका वाक्यावर मला त्यांच्याशी भांडता आलं नाही, कारण ते खरं आहे. फिल्मच्या खोलीची किल्ली माझ्याकडून घेतली. दिवाळीच्या सुट्टीनंतर सही करायची असेल तर ये, नसेल तर येऊ नकोस, असं सांगितलं. दोन महिने मी त्यांना आकडे दाखवत होते. आता संस्थेत माझं म्हणणं म्हणजे एका म्हातारीचं गाणं झालं आहे.

तुला मी विश्वासानं लिहिलं होतं. तुला भांडायला विषय मिळाला.

दिवाळीला मी येणार नाही. मला पत्र लिहू नकोस.

प्रेमलता


नागपूर
सोमवार, २० ऑक्टोबर १९८६

चि. प्रेमास आशीर्वाद.

लिहू नको म्हणलं म्हणून लिहून राहिली. रागावाचा हक्क तुले आहे, चूप बसवाचा नाही. मी तुह्या बापाचीही माय आहे.

हासले ते कोण कोण? त्याइचे नावं कळव. माह्यावर हासले त्याचं काही नाही, मी हासण्यासारखी आहेच. पण तू हासली त्याचं मले वाईट वाटलं. ते वाक्य दोनदा वाचलं अन् मंग चुलीवर भाजी लागली.

तू म्हणते मले भांडाले विषय भेटला. हाव, भेटला. मी आनंदानं भांडली. पण तुह्यासाठी भांडली का माह्यासाठी, हे म्या रात्रभर माह्या मनाले विचारलं. आता म्हणते, दोघीइसाठी. पुन्हा असं झालं तं पुन्हा जाईन का? तुले विचारून जाईन. इतकं कबूल करते, याच्यापुढं नाही.

यंदा कोजागरीले गिरहण होतं. वेध लागाच्या आधी भर उन्हात दूध पिऊन घेतलं सगळ्याइनं. चंद्र नाही का काही नाही, वच्छला म्हणे हे कोजागरी आहे का दवाखाना. सुभद्रा आली नाही. ती आली नाही म्हणून शेवटचं गाणं कोणी उचललंच नाही. आवाज नाही ना कोणाले तसा.

एकच विचारते. तू बरोबर आहे का? मले तुह्या फिल्मा समजत नाहीत. तू चूक असशील तं तसं लिही, मी उद्या जाऊन सुभद्राच्या पाया पडीन. बरोबर असशील तं सही करू नको. चार वर्ष गेले तं गेले. घरी ये. घर आहे.

आजी


बंगलोर
३१ ऑक्टोबर १९८६

ती. आजीस,

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. पण विचारलंस त्याचं उत्तर आज माझ्याकडे आहे. मी बरोबर आहे.

काल सर नागपूरला निघून गेले. संस्था सुट्टीमुळे रिकामी आहे. सही करत नाही असं दोन ओळींत लिहून ते मी त्यांच्या टेबलावर ठेवायला गेले. दिव्याच्या पेटीवर एक फिल्म पडली होती. गेले दोन आठवडे ते स्वतः फिल्मच्या खोलीत काम करत होते आणि कोणाशी बोलत नव्हते. मला वाटलं होतं, माझी चूक पकडायची तयारी चालली आहे. तशीच असणार. त्यांनी तो भाग नव्यानं कापला होता, असा की दोन्ही सारख्या ओळी आणि त्यांच्या मधलं सगळं एकाच लांब तुकड्यात यावं. मग सांध्याचा प्रश्नच उरत नाही, थेट वाचायचं.

मी उभ्या उभ्या वाचलं. मधला तुकडा आहे. चारशेहून जास्त अक्षरं आहेत, आणि ती घातली की खत ओढायचं वाचन मध्येच तुटत नाही, सरळ पुढं जातं. प्रत्येक अक्षराशेजारी सरांची पेन्सिलीची बारीक खूण होती. म्हणजे त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. इतकं स्वच्छ काम माझ्या हातून झालं नसतं, हेही लिहिते.

आणि मग ते मला एक शब्द न बोलता गाडीत बसले. मी खालच्या मजल्यावर होते, आजी. जिना उतरताना माझ्यासमोरून गेले. ते चुकले याचा मला राग नाही, सगळे चुकतात. त्यांना कळलं आहे, आणि तरी माझी किल्ली त्यांच्या खिशात आहे. चहाला जे हसले त्यांच्या लेखी मी अजून तीच आहे.

मी ती दोन ओळींची चिठ्ठी फिल्मवरच ठेवून आले.

प्रेमा


नागपूर
गुरुवार, ६ नोव्हेंबर १९८६

चि. प्रेमास अनेक आशीर्वाद.

तुहं पत्र सकाळी आलं अन् दुपारी ते दोघं आले. पुढं सुभद्रा, मागं केशव. केस पिकले त्याचे. हातात चिवड्याची पिशवी होती, ती खाली ठेवावी का नाही हे त्याले समजून नाही राहिलं. म्या सांगतलं नाही.

तो शहरी भाषेत सुरू झाला. "आजी, प्रेमलताचा थोडा गैरसमज झाला होता." म्या म्हणलं, तिचा का तुहा? त्यानं चष्मा पुसला. मंग हळूच म्हणे, "तुकडा निघाला." म्हणलं, जोरानं बोल गा, वच्छला भिंतीच्या पल्याड आहे, तिले इतकं हळू ऐकू येत नाही. पल्याडून भांडं पडल्याचा आवाज आला.

सुभद्रा म्हणे, "मनकर्णाबाई, त्यानं छापाचं थांबवलं. चूक पदरात घेतली ना त्यानं, आता तुम्हीही सोडा." तो म्हणे, नवा तुकडा घालून पाठवू, प्रेमाचं नाव पहिलं टाकतो, प्रबंधही होईल. फक्त हे इथंच मिटावं. संस्थेत आता काही बोलणं नको, माणसं उगाच चघळत बसतात.

मले लई राग आला, प्रेमा. म्हणलं, हासाले सारे होते, अन् मिटवाले आपण तिघं?

सुभद्रा म्हणे, "कोण हासलं?"

तिले ठाऊकच नव्हतं. म्या सांगतलं. सुभद्रे, तुनं गाणं लिहून पाठवलं होतं ना, ते यानं चहाच्या वेळेस चाल लावून वाचलं, अन् साऱ्या बंगलोरनं दात काढले. आधी ती माह्याकडे पाहे. मंग त्याच्याकडे पाहाले लागली, अन् तो पिशवीकडे. तिचं तोंड असं उतरलं का मले वाटलं सांगाले नव्हतं पाहिजे. मंग वाटलं, नाही, सांगाले पाहिजेच होतं.

"म्या तुले वाचाले पाठवलं होतं," ती म्हणाली. "रात्री बसून लिहिलं. मले लिहाले किती वेळ लागते, तुले ठाऊक आहे. माहं गाणं होतं ते."

तो म्हणे, "आई, तसं नव्हतं, गंमत होती."

"माही?"

तो उठला. "मी जातो," म्हणे, "इथं बोलण्यात अर्थ नाही." तिनं त्याची बाही धरली. "बस गा. इथंच बस." अन् तो बसला, प्रेमा. इतका मोठा साहेब, पाटावर बसला, अन् शहरी भाषा गेली त्याची. म्हणे, "म्या काय करू, माय?"

तिनं माह्याकडे पाह्यलं. म्या म्हणलं, पहिलं नाव, दुसरं नाव, ते कुठं लिहाचं ते पोरगी सांगीन, आम्ही नाही. किल्ली तिच्या हातात दे. तिच्या तोंडावर सांग का तू बरोबर होती अन् म्या तुह्यावर लोकाइले हासवलं. याच वट्ट्यावर सांग, बायाइसमोर, जिथं तुह्या मायनं तुही बढाई सांगतली होती. अन् बंगलोरले गेल्यावर चहाच्या वेळेस त्याच माणसाइले सांग. चाल लावाची गरज नाही.

तो म्हणे, चहाच्या वेळेचं कठीण आहे. सुभद्रा म्हणे, "वाचताना सोपं होतं?" मंग तो म्हणे, सांगीन. माह्याकडे नाही पाह्यलं, मायकडे पाहून म्हणला. खरं करते का नाही, ते तू तिथं पाहशील. मी माणसाच्या सांगण्यावर नाही जात.

तार करून राहिली आहे, पत्र उशिरा भेटलं तं म्हणून. भेटेल त्या गाडीनं निघ. माह्यावरचा राग टाकून येण्याची गरज नाही, संगंच आण, इथं जागा आहे त्याले. म्या तुले विचारल्याशिवाय त्याइले दिवस देल्ला, इतकी माही पुन्हा चूक. पण सुभद्रानं सोडलंच नाही. त्याची रजा सरत आली होती, तं म्हणे वाढव. जाताना उंबऱ्यावर उभी राहून म्हणे, पोरगी येऊ द्या, मी याले घेऊन येते. चिवड्याची पिशवी परत घेऊन गेली, म्हणे तेव्हाच आणीन.

पोर्णिमेले येतो म्हणाले, रविवारी, सोळा तारखेले, दिवसाउजेडी.

तुही आजी